गृहकर्जाचे व्याजदर : स्थिर की बदलते?

स्थिर व्याजदराच्या गृहकर्जात मासिक हप्ता निश्चित राहतो. मात्र हा दर सामान्यतः चढा असतो आणि दरकपातीचा लाभ कर्जदारास मिळत नाही. बदलत्या दरात तो लाभ मिळतो, व्यक्तिगत कर्जदारास मुदतपूर्व परतफेडीचा दंडही नसतो. परंतु दरवाढीची जोखीम त्याच्यावरच येते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ७ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलेल्या प्रत्येक लाखामागे हप्ता सुमारे ७७५ रुपये येतो. दर आरंभीच ९.५ टक्के झाल्यास मासिक व्याजच सुमारे ७९२ रुपये होते. म्हणजे हप्ता तोच ठेवल्यास मुद्दल फिटतच नाही. म्हणूनच बदलता दर स्वीकारताना आजच्या हप्त्यापेक्षा वाढीव हप्ता सोसण्याची क्षमता हा निर्णायक निकष मानावा.