मोफत शिक्षणाचा ‘कोर्स’ पूर्ण का होत नाही?

क्षयरोगाची औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. तरीही काही रुग्ण दोन महिन्यांत बरे वाटू लागले की गोळ्या बंद करतात आणि आजार उलटतो. म्हणूनच ‘डॉट्स’ पद्धतीत गोळी देण्याइतकेच महत्त्व ती घेतली की नाही हे पाहण्याला दिले गेले. इंटरनेटवरील मोफत अभ्यासक्रमांचे दुखणेही काहीसे असेच आहे.

अमेरिकेतील ‘एमआयटी’ने आपले अध्यापन साहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. याच संस्थेच्या २०१२ मधील इलेक्ट्रॉनिक्सच्या मोफत अभ्यासक्रमाला जगभरातून सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नावे नोंदवली. उत्तीर्ण झाले सुमारे ७ हजार. पुढे हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची पाहणी ‘सायन्स’ नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के होते.

अर्थात, अर्ध्यावर सोडणारा प्रत्येक जण नापास नसतो. कुणाला एकच व्याख्यान हवे असते. पण ज्याला खरोखर शिकायचे आहे, तोही गळतो. दिवसभराच्या कामानंतर वेळ उरत नाही, इंग्रजी जड जाते आणि अडल्यावर विचारायला कुणी नसते.

भारतात ‘एनपीटीईएल’ आणि २०१७ मध्ये सुरू झालेले ‘स्वयम्’ यांनी मोठी सोय केली आहे. तेथे शिकणे मोफत आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला आयआयटीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान मोबाइलवर ऐकता येते, ही लहान गोष्ट नव्हे.

तरी पडद्याला मर्यादा आहेत. हृदय बंद पडलेल्या प्रौढ माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची, हे व्हिडिओ सांगतो. पण किती जोर लावला म्हणजे तेवढी खोली मिळते, हे पुतळ्यावर सराव करताना आणि शिकवणाऱ्याने चूक दाखवल्यावरच हाताला कळते. वैद्यकीय शिक्षणात ऑनलाइन पाठ हा पूर्वतयारीसाठी उत्तम. रुग्णाच्या खाटेजवळच्या शिक्षणाची जागा तो घेऊ शकत नाही.

मग करावे काय? एका वेळी एकच अभ्यासक्रम घ्यावा. आठवड्यातील ठरावीक वेळ त्यासाठी राखावी. एखादा सोबती शोधून दोघांनी एकमेकांना पाठ समजावून सांगावा. गावातील वाचनालयाने किंवा महाविद्यालयाने आठवड्यातून एक संध्याकाळ खोली, इंटरनेट आणि शंका सोडवणारा एक शिक्षक दिला, तरी पुष्कळ गळती थांबू शकेल.

गोळी घरपोच मिळाली तरी ‘आज घेतली का?’ असे विचारणारी आशाताई लागतेच. शिकणाऱ्यालाही असे विचारणारे कुणीतरी हवे.