बारवा वाचल्या तर वारसा वाचेल

परभणी जिल्ह्याच्या वारशाचा विषय निघाला की औंढ्याचा नागनाथ आणि संत नामदेवांची नर्सी ही नावे अजूनही सवयीने घेतली जातात. वस्तुतः 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि ही दोन्ही स्थळे त्या जिल्ह्यात गेली. मग संत जनाबाईंचे गंगाखेड, प्राचीन पाथरी आणि परभणीचा तुराबुल हक दर्गा यांचा उल्लेख होतो आणि यादी संपते. तीर्थक्षेत्र किंवा जत्रा नसेल तेथे वारसाही नसतो, असा जणू समज रूढ झाला आहे. जिंतूर तालुक्यातील बोरी आणि तिच्या भोवतालचा मुलूख पाहिला, तर हा समज किती उथळ आहे ते कळून येते.

बोरी हे परभणी–जिंतूर रस्त्यावरचे मोठे गाव. या रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला दोन्ही बाजूंस काळी जमीन, कापूस आणि तूर एवढेच दिसते. परंतु येथून उत्तरेकडे जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत. तेथील पार्श्वनाथाची भव्य मूर्ती एका लहानशा दगडी आधारावर तोललेली असून ती भाविकांना आणि अभ्यासकांना सारखेच आश्चर्य वाटावे अशी आहे. जिंतूरच्या पुढे जालन्याच्या वाटेवर मंदिरांचे गाव म्हणून ओळखले जाणारे चारठाणा लागते. बोरीच्या पश्चिमेस, सेलू तालुक्यात, वालूर आहे. चारठाणा आणि वालूर या दोन्ही गावांत मंदिरांइतकीच मोलाची, किंबहुना नित्याच्या जगण्याच्या दृष्टीने त्याहून मोलाची अशी वास्तू उभी आहे. ती वास्तू म्हणजे बारव.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, एवढी व्याख्या पुरेशी नाही. प्राचीन वास्तुग्रंथांनी तिचे शास्त्र सांगितले आहे. एका प्रवेशाची ती नंदा, दोन प्रवेशांची भद्रा, तीन प्रवेशांची जया आणि चार प्रवेशांची विजया, असे तिचे प्रकार मानले गेले. मराठवाड्यातील अनेक बारवांची घडण यादवकालीन मंदिरांशी नाते सांगते. हिलाच लोक सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतात. यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. ही बांधकामाची रीत मात्र त्याच्याही आधीपासून चालत आलेली. घडीव चिरे चुन्याविना एकमेकांत बसवायचे, हे तिचे मर्म. बारवेत या रीतीने दुहेरी काम साधले. चिऱ्यांच्या सांध्यांतून भोवतालचा पाझर आत येत राहिला आणि भिंतही शतकानुशतके टिकली.

या भूमीचे पाणी कोठे असते, याची जाण त्या कारागिरांना होती. येथील खडक ज्वालामुखीतून निपजलेला काळा पाषाण. तो स्वतः पाणी धरीत नाही. वरच्या मुरुमात आणि त्याखालच्या भेगाळलेल्या थरात पावसाचे जे पाणी मुरते, तेवढीच त्याची पुंजी. बारव नेमकी त्या थरापर्यंत उतरते आणि तेथे थांबते. पावसाळ्यात वरच्या पायऱ्यांना लागणारे पाणी वैशाखात तळाशी जाते. कोणते टप्पे उघडे पडले, यावरून साठा किती उरला हे गावातील लहान पोरालाही दिसे. आज भूजलाचे मोजमाप तज्ज्ञांच्या तक्त्यांत असते. त्या काळी ते साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर होते. वालूरच्या बारवेत तर पायऱ्या सरळ न उतरता चक्राकार फिरत तळाकडे जातात. उपयुक्ततेला अशा सौंदर्याची जोड देणारे ते कारागीर कोण होते, त्यांची नावे इतिहासाने राखलेली नाहीत.

मग या वास्तूंकडे पाठ का फिरवली गेली? केवळ लोकांच्या अनास्थेला दोष देणे अन्यायाचे होईल. बारवेच्या पाण्यात माणूस प्रत्यक्ष उतरत असे आणि त्यातूनच नारूचा रोग पसरत असे. नारूची जखम घेऊन रोगी पाण्यात उतरला की कृमीची पिले पाण्यात मिसळत आणि ते पाणी पिणाऱ्यांच्या पोटात जात. देशात 1983 साली नारू निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. पायऱ्यांच्या विहिरी बुजवणे किंवा त्यांचे आडात रूपांतर करणे हा तिचा एक भाग होता. फेब्रुवारी 2000 मध्ये भारत नारूमुक्त म्हणून घोषित झाला. असंख्य माणसांच्या यातना त्यामुळे टळल्या. त्याची किंमत काही जुन्या बारवांनी मोजली असेल, तर तिच्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट याहून कटू आहे. बारव साऱ्या गावाची, असे म्हणण्याची पद्धत आहे. पण गावातील सर्वांना तिच्या पायऱ्या मोकळ्या नव्हत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, तो याच कारणासाठी. मराठवाड्यातील पाणवठेही या दोषापासून मुक्त नव्हते. पाण्याचे कष्ट वाट्याला आले ते बहुधा स्त्रियांच्याच. विठ्ठल आपल्यासंगे दळतो, पाणी वाहतो, असे सांगणाऱ्या जनाबाई याच जिल्ह्यातल्या. देवाला पाणी वाहायला लावणाऱ्या त्या कल्पनेमागे रोजच्या खेपांचा केवढा शीण असेल, याचा विचार भक्तिभावाच्या भरात राहूनच जातो. सबब जुन्या बारवेचा गौरव करताना जुन्या व्यवस्थेचा गौरव होणार नाही, याची दक्षता घ्यावी लागेल.

पुढे पूर्णा नदीवर येलदरीचे धरण झाले, जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्यात आला, घरोघर नळ आले आणि शेतोशेत विंधन विहिरी झाल्या. या सोयींनी कष्ट कमी केले, यात शंका नाही. तथापि त्यांनी पाणी दृष्टीआड केले, हेही तितकेच खरे. बारवेचा तळ दिसला की गाव सावध होई. विंधन विहीर मात्र आटेपर्यंत कोणाला काही सांगत नाही. 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्याला पहिला मोठा इशारा दिला. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तो दुसरा इशारा. भूजलाविषयीच्या 2009 च्या राज्य कायद्यात 60 मीटरहून खोल विहिरींवर निर्बंधाची तरतूद आहे. कायदा कागदावर राहतो आणि छिद्र जमिनीत खोल जाते, हा अनुभव मात्र सार्वत्रिक आहे.

अशा परिस्थितीत बारवा साफ करणे हा केवळ पुराणवस्तूंचा छंद उरत नाही. अलीकडच्या वर्षांत राज्यभर बारव स्वच्छतेची चळवळ उभी राहिली आणि परभणी जिल्ह्याने तिला चांगला प्रतिसाद दिला. वालूरला लोकांनी श्रमदानाने गाळ उपसला, तेव्हा वर्षानुवर्षे झाकलेल्या पायऱ्या पुन्हा उजेडात आल्या. त्या बारवेचे पाणी पिण्यास वापरावे, असा आग्रह कोणी धरू नये. परंतु बारव भरली की शेजारच्या विहिरींनाही आधार मिळतो आणि गावाला आपल्या भूजलाची पातळी पुन्हा डोळ्यांनी वाचता येते, हा लाभ लहान नव्हे.

या कामाला मोठ्या निधीपेक्षा माणसांची गरज अधिक आहे. बोरी परिसरातील शाळांनी आपापल्या गावच्या जुन्या पाणवठ्यांची नोंद करावी. कोठे आहे, किती पायऱ्या, किती देवकोष्ठे, कोणत्या महिन्यात पाणी कोठवर, एवढे चार रकाने विद्यार्थी सहज भरू शकतील. ग्रामसेवक आणि तलाठी यांनी बारवेची व तिच्या वाटेची नोंद गावच्या दप्तरात नीट आहे ना, हे पाहावे. कारण दप्तरात नसलेल्या वास्तूवर अतिक्रमण होण्यास वेळ लागत नाही. गाळ काढताना यंत्राचा अविचारी वापर टाळावा आणि दुरुस्तीच्या नावाखाली चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट भरू नये. त्याने पाझराच्या वाटाच बंद होतात. जेथे कोरीव काम आहे, तेथे पुरातत्त्व विभागाचा सल्ला घेतल्याविना एकही दगड हलवू नये.

मोहिमेच्या दिवशी छायाचित्रे निघतात, पाहुण्यांची भाषणे होतात. पुढच्या वर्षी पुन्हा प्लॅस्टिक आणि निर्माल्य साचते. म्हणून खरा प्रश्न पहिल्या दिवसाचा नाही, तर नंतरच्या प्रत्येक चैत्राचा आहे. त्या महिन्यात पाणी तळाशी असते आणि गाळ उपसणे सोपे जाते. पूर्वी काही पायऱ्यांवर काहींनाच वाव होता. आता उपसणाऱ्यांच्या रांगेत सारे गाव एका ओळीत उभे राहू शकते. बोरीच्या मुलुखात असे घडले, तर दगडांबरोबर गावाचे मनही स्वच्छ होईल आणि बारव प्रथमच खऱ्या अर्थाने साऱ्या गावाची ठरेल.