शटर वर करायला खांदा लागतो: छोट्या व्यावसायिकाने फिजिओथेरपी कशी समजून घ्यावी



धंदा सुरू करताना आपण यादी करतो. दुकानाचं डिपॉझिट, फर्निचर, वजनकाटा, फ्रीज, पहिला माल. पण सगळ्यात जास्त चालणारं मशीन त्या यादीत कुणी लिहीतच नाही. ते म्हणजे तुमचं शरीर. सकाळी शटर वर करणं, गोणी उतरवणं, दहा-बारा तास काउंटरला उभं राहणं, रात्री शटर खाली ओढणं, हे सगळं तेच करतं.

नोकरदाराला आजारपणाची रजा असते. तुम्ही पुढे कामगार ठेवलेत आणि ईएसआय लागू झालं, तर कामगाराला त्याचा आधार मिळेल. मालकाला तो नाही. एकट्याने चालवलेल्या दुकानात मालकाची कंबर धरली की दुकानच आडवं होतं. म्हणून आज फिजिओथेरपी हा विषय घेतोय. मी डॉक्टर नाही, दुकानदार आहे. उपचार सांगायला तुमचा डॉक्टर आणि फिजिओ आहेत. कधी जायचं, काय विचारायचं आणि पैसे कशासाठी मोजायचे, एवढं दुकानदाराला कळायला हवं. तेवढंच आपण बघू.

आधी आकडे मांडू

धरून चला, तुमची रोजची विक्री ६,००० रुपये आहे आणि त्यात १५ टक्के मार्जिन सुटतं. म्हणजे दिवसाला ९०० रुपये. कंबरदुखीने दुकान दहा दिवस बंद राहिलं तर ९,००० रुपये गेले. भाडं आणि हप्ता थांबत नाही, तो याच पैशातून जाणार होता. शिवाय त्या दहा दिवसांत रोजचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं, तिथे त्याला सवय लागली, तर ते नुकसान वहीत दिसतच नाही.

आता दुसरी बाजू. एका सिटिंगला ४०० रुपये धरा आणि आठ सिटिंग धरा. झाले ३,२०० रुपये. दुपारी दोन ते चार या मंद वेळेत जाऊन आलात तर दुकानाचं फारसं बिघडत नाही. तुमच्या गावातली फी वेगळी असेल, तुमचं मार्जिन वेगळं असेल. आपले आकडे टाकून बघा. दुखणं लहान असताना केलेला खर्च बहुतेक वेळा बंद दुकानापेक्षा स्वस्तच निघतो.

फिजिओथेरपी म्हणजे नेमकं काय?

बऱ्याच जणांच्या डोक्यात चित्र असं असतं: झोपायचं, कुणीतरी शेक देणार, करंट लावणार, मालिश करणार, आणि आपण बरे होऊन घरी येणार. यातलं काही काही वेळा केलंही जातं. पण खरं काम दुसरं आहे.

चांगला फिजिओ आधी तपासतो. कुठला सांधा किती वळतो, कुठला स्नायू कमजोर आहे, कुठल्या हालचालीला दुखतं, तुम्ही दिवसभर काय काम करता. मग तुमच्यासाठी व्यायाम ठरवतो आणि हळूहळू भार वाढवत नेतो. स्नायू, शिरा आणि सांधे झेपेल इतक्या भाराने तयार होतात. एकदम जास्त भार आला तर दुखावतात, अजिबात भार नसला तर आणखी कमजोर होतात. मधली पायरी शोधून देणं हे फिजिओचं कौशल्य.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या, मागे दुसरा आजार न सापडलेल्या कंबरदुखीबद्दल त्या आहेत. त्यात आखून दिलेला व्यायाम आणि रुग्णाला दुखणं समजावून सांगणं यांची शिफारस आहे. ट्रॅक्शन, कमरेचा पट्टा, अल्ट्रासाउंडचं मशीन हे उपचार मात्र सरसकट देऊ नयेत, असं म्हटलंय. म्हणजे आपण ज्या मशीनला ‘उपचार’ समजतो ते दुय्यम, आणि ‘घरी करा’ म्हणून दिलेला कागद मुख्य!

आपल्या धंद्यात सापडणारी दुखणी

१. कंबर. किराणा, हार्डवेअर, भाजी, कुरिअर. गोणी उचलताना चमक भरते. अशी साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते. पण आठवडाभर पलंगावर पडून राहणं हा त्यावरचा उपाय नाही. झेपेल तेवढं चालत-फिरत राहिलं की कंबर लवकर सुटते. पुन्हा पुन्हा भरत असेल तर फिजिओकडे जायलाच हवं.

२. कोपर. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, चहाचा कप उचलतानाही कळ येते. याला टेनिस एल्बो म्हणतात, पण त्यासाठी टेनिस खेळावं लागत नाही. दिवसाला दोनशे पोळ्या लाटणाऱ्या ताईंना होतो, स्क्रू ड्रायव्हर फिरवणाऱ्या इलेक्ट्रिशियनलाही होतो. पकड घट्ट ठेवून एकच हालचाल सतत करणं हे त्याचं कारण.

३. बोटांना मुंग्या. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होतं, हात झटकला की बरं वाटतं. मनगटातून जाणारी नस दाबली गेल्याची ही खूण असू शकते. शिलाईकाम आणि मोबाईल रिपेअरिंग करणाऱ्यांनी इकडे लक्ष ठेवा. अंगठ्याजवळचा स्नायू बारीक होऊ लागला किंवा वस्तू हातातून सुटू लागल्या तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

४. टाच. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुई टोचते, थोडं चाललं की कमी होतं. दिवसभर कडक फरशीवर उभं राहणाऱ्यांना हे हमखास भेटतं. पोटरी आणि तळव्याचे व्यायाम, मऊ तळाची चप्पल, आणि धीर. महिने लागू शकतात.

५. खांदा. हात वर जात नाही, मागे जात नाही, रात्री कुशीवर झोपवत नाही. फ्रोजन शोल्डर बहुतेक चाळिशी ते साठीत होतो आणि मधुमेह असलेल्यांना जास्त होतो. आधी दुखण्याचा काळ, मग आखडण्याचा, मग हळूहळू सुटण्याचा. एकूण एक ते तीन वर्षंही लागू शकतात. दुखण्याच्या काळात कुणी जोर लावून हात ओढत असेल तर दुखणं वाढतं. आणि हो, साखर तपासून घ्या.

६. प्लास्टर काढल्यानंतर. दुचाकीवरून पडून मनगट मोडलं, सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, की आपण म्हणतो सुटलो. पण हाड जुळलं तरी सांधा आखडलेला आणि स्नायू बारीक झालेला असतो. मूठ वळत नाही, गल्ल्यातली नाणी उचलता येत नाहीत. इथे फिजिओथेरपी टाळली तर तो आखडलेपणा कायमचा राहू शकतो.

इथे थांबू नका, आधी डॉक्टर

काही खुणा दिसल्या तर फिजिओची अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही. कंबरदुखीसोबत लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. उंचावरून पडल्यानंतरचं दुखणं, सोबत ताप, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपू न देणारी कळ, यांनाही आधी डॉक्टर. डाव्या खांद्यात-हातात कळ, छातीत दडपण आणि घाम असेल तर तो खांदा आहे असं समजू नका, ताबडतोब दवाखाना. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यात तर एकेक मिनिट मोलाचं. पक्षाघातानंतर फिजिओथेरपी लागतेच, पण ती हॉस्पिटलनंतरची पायरी.

फिजिओ निवडताना पाच प्रश्न

आपण होलसेलर निवडताना चौकशी करतो ना? तशीच इथे करा.

- शिक्षण काय? फिजिओथेरपीची पदवी म्हणजे बीपीटी किंवा बीपीटीएच, इंटर्नशिप धरून चार वर्षांहून जास्त शिक्षण. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी राज्य परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला?
- मला नेमकं काय झालंय, साध्या भाषेत सांगाल का?
- अंदाजे किती सिटिंग लागतील, आणि फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवायचं?
- घरी आणि दुकानात मी काय करायचं?
- कुठलं काम चालू ठेवू, कुठलं काही दिवस बंद?

पहिल्याच दिवशी तपासणी न करता तीस सिटिंगचं पॅकेज पुढे सरकवलं, तर उठून दुसरीकडे विचारा. पैशांची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत चौकशी करा. तिथे फी सहसा बरीच कमी असते.

सगळं अडतं ते चौथ्या सिटिंगला

हा मुद्दा नीट वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात. तीन सिटिंग झाल्या, दुखणं निम्म्यावर आलं, तेवढ्यात दिवाळीचा माल आला. मग ‘आता बरं आहे’ म्हणून आपण जाणं बंद करतो. दुखणं कमी झालं म्हणजे ताकद आली असं नाही. कळ आधी जाते, ताकद मागून येते, आणि तिला आठवडे लागतात. त्या मधल्या काळात पुन्हा पन्नास किलोची गोणी उचलली की गाडी मूळपदावर. मग म्हणायचं, फिजिओथेरपीचा काही उपयोग होत नाही!

उपाय धंद्याच्याच सवयीत आहे. रोज गल्ला मोजता, तसा व्यायामही वहीत टिक करा. शटर उघडायच्या आधी दहा मिनिटं, दुपारी गर्दी ओसरल्यावर पाच मिनिटं. व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं, पण ते दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर भार जास्त झाला असं समजा आणि फिजिओला सांगा. व्यायाम आपल्या मनाने बंद करू नका, आणि मोबाईलवर बघून मनाने नवे वाढवूही नका. माझ्या चॅनेलवरचे बघूनही नको.

दुकानात आजच करता येतील असे बदल

- अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या सूत्रात, सगळ्या गोष्टी अनुकूल असताना उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. वाकून, वळून किंवा लांबून उचलायचं असेल तर मर्यादा आणखी खाली येते. म्हणून पन्नासच्या एका गोणीऐवजी पंचवीसच्या दोन मागवा. त्याही शक्यतो दोघांनी उचला किंवा ट्रॉलीवर घ्या.
- जड माल कमरेच्या उंचीवर, हलका माल वर आणि खाली. रोज लागणारी तेलाची पेटी जमिनीवर नको.
- वजन पोटाजवळ धरा. वळायचं तर पाय वळवा, कंबर पिळू नका.
- उभ्याने हलकं काम करायचं काउंटर कोपरापेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर खाली असावं. फर्निचर करून घ्यायच्या आधी सुताराला स्वतःच्या कोपराचं माप द्या. नंतर बदलणं महाग पडतं.
- काउंटरखाली छोटा पाट ठेवा आणि आलटून पालटून एक पाय त्यावर ठेवा. कंबरेला आराम पडतो.
- शटर जड झालं असेल तर ग्रीस लावून घ्या, स्प्रिंग तपासून घ्या. खांद्यापेक्षा ते स्वस्त आहे.

विम्याबद्दल थोडं

‘माझा विमा आहे’ म्हणून निश्चिंत राहू नका. पंतप्रधान सुरक्षा बीमा योजना वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला संरक्षण देते. ती जरूर घ्या, पण कंबरदुखीने दुकान बंद राहिलं तर ती पैसे देत नाही. बऱ्याच आरोग्य विम्यांत ओपीडीची फिजिओथेरपी बसत नाही. हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यानंतरच्या ठरावीक दिवसांतली बसू शकते. वैयक्तिक अपघात विम्यात काम बंद राहिल्याबद्दल आठवड्याला ठरावीक रक्कम देणारं कलम असतं का, हे एजंटला विचारा आणि लेखी घ्या. याशिवाय दहा-पंधरा दिवसांच्या मार्जिनएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. आणि शटर उघडू शकेल असा घरातला किंवा शेजारचा एक माणूस आधीच तयार करा.

या आठवड्याचा गृहपाठ

एका कागदावर तीन गोष्टी लिहा. रोज सगळ्यात जास्त वेळा तुम्ही कुठली हालचाल करता? शरीरात कुठे दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखतंय? आणि तुम्ही दहा दिवस आला नाहीत तर दुकान कोण उघडेल? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं तर या आठवड्यातल्या एखाद्या दुपारची वेळ घेऊन टाका. तिसऱ्याला उत्तर आलं नाही तर ते कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत आपण त्यावरच बोलू.

मशीन बिघडलं तर नवं आणता येतं, दुकान दुसऱ्या गाळ्यात हलवता येतं. हे एक मशीन बदलून मिळत नाही, त्याची सर्व्हिसिंग वेळेवर करा. भेटू पुढच्या भागात!