यकृतशोथ, सी प्रकारचा

सी व्हायरसाच्या संसर्गामुळे यकृतास येणारा दाहयुक्त शोथ. व्यवहारात हा रोग हेपटायटिस सी या नावानेच अधिक परिचित आहे. दूषित अन्नपाण्यावाटे पसरणाऱ्या ए व ई प्रकारच्या यकृतशोथांहून (म्हणजे ज्याला सर्वसामान्यपणे कावीळ म्हणतात त्याहून) हा सर्वस्वी भिन्न आहे. तो रक्तावाटे पसरतो, बहुधा कावीळ न होताच शरीरात ठाण मांडतो आणि वीस-तीस वर्षांनी यकृताचे कार्य ढासळू लागल्यावर कित्येकदा प्रथमच लक्षात येतो. त्यामुळे त्याचे निदान पुष्कळदा अनपेक्षितपणे होते. रक्तदानाच्या वेळी, शस्त्रक्रियेपूर्वी किंवा गरोदरपणात केलेल्या नेहमीच्या तपासणीत तो उघडकीस येतो. अशा वेळी प्रकृती ठणठणीत असलेल्या माणसाला रोगापेक्षा अहवालाचाच धक्का अधिक बसतो. म्हणून प्रस्तुत नोंदीत निदानाचा अर्थ, त्यानंतरचे वर्तन व उपचारांचा निर्णय यांचे विवेचन अधिक विस्ताराने केले आहे.

शोध : रक्ताधानानंतर यकृतशोथ झालेल्या अनेक रुग्णांत ए व बी यांपैकी एकही व्हायरस आढळत नाही, असे अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्व्ही आल्टर व त्यांचे सहकारी यांना १९७५ मध्ये दिसून आले. पुढील चौदा वर्षे हा रोग ‘ए नव्हे, बी नव्हे’ अशा नकारार्थी नावानेच ओळखला जात होता. १९८९ मध्ये मायकेल हौटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या व्हायरसाच्या जननिक द्रव्याचा अंश वेगळा केला. व्हायरस प्रत्यक्ष पाहण्यापूर्वीच त्याची अशी ओळख पटली, ही वैद्यकाच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय. १९९७ मध्ये चार्ल्स राइस यांनी हा व्हायरस एकटाच रोग उत्पन्न करू शकतो, हे सिद्ध केले. आल्टर, हौटन व राइस यांना २०२० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

या व्हायरसाचे जननिक द्रव्य रिबोन्यूक्लिइक अम्लाचे असून त्यात सुमारे ९,६०० घटक असतात. स्वतःच्या प्रती तयार करताना तो अनेक चुका करतो व त्या दुरुस्त करण्याची यंत्रणा त्याच्यापाशी नसते. परिणामी त्याचे रूप सतत बदलत राहते. शरीराची प्रतिरक्षा त्याला पुरी पडत नाही याचे आणि आजवर त्याविरुद्ध लस तयार होऊ शकली नाही याचेही हे एक प्रमुख कारण आहे. त्याच्या जनुकप्रकारांपैकी भारतात तिसरा प्रकार सर्वाधिक आढळतो.

प्रसार : तपासणी न केलेल्या रक्ताचे आधान, एकच सुई अनेकांना वापरणे, अपुऱ्या प्रमाणात निर्जंतुक केलेली शस्त्रक्रियेची व दंतवैद्यकाची उपकरणे, अपोहन, गोंदणे, न्हाव्याचा वस्तरा आणि मादक द्रव्यांची अंतःक्षेपणे हे संसर्गाचे मार्ग आहेत. मातेकडून अर्भकास संसर्ग होण्याचे प्रमाण शेकडा पाच-सहाच्या आसपास असते. लैंगिक संबंधातून तो क्वचितच होतो. वारंवार रक्त घ्यावे लागणारे थॅलॅसीमियाचे रुग्ण या रोगास विशेषेकरून बळी पडले आहेत. भारतीय रक्तपेढ्यांत या व्हायरसाची तपासणी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सर्वत्र होत नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

‘मला हा रोग कोठून आला?’ हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे निश्चित उत्तर बहुधा मिळत नाही. चाळीस वर्षांपूर्वी बाळंतपणात दिलेली रक्ताची बाटली किंवा गावातील डॉक्टरने नुसत्या उकळत्या पाण्यात बुडवून काढलेली काचेची पिचकारी यांची आठवण कोणास राहणार? ईजिप्तचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथे १९५० नंतरच्या तीन दशकांत शिस्टोसोमा कृमींच्या रोगाविरुद्ध अंतःक्षेपणांची देशव्यापी मोहीम चालली. सुया पुरेशा निर्जंतुक न केल्याने सी यकृतशोथ घरोघर पोहोचला आणि या रोगाचे जगातील सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांत ईजिप्तची गणना होऊ लागली. संसर्ग अशा रीतीने वैद्यकीय सुईनेच पसरलेला असताना त्याचा संबंध रुग्णाच्या चारित्र्याशी जोडणे अज्ञानमूलक आहे. मादक द्रव्यांच्या अंतःक्षेपणांमुळे तो झाला असला, तरी त्यामुळे रुग्णाचा उपचारावरील हक्क यत्किंचितही कमी होत नाही.

निदान : हे दोन टप्प्यांत होते व या दोहोंतील फरक न समजल्यामुळे बरीच अनावश्यक भीती निर्माण होते. पहिल्या चाचणीत रक्तातील प्रतिपिंडे पाहतात. ती आढळणे म्हणजे व्हायरस केव्हा तरी शरीरात येऊन गेला किंवा अजून आहे. यांपैकी काय खरे, ते ही चाचणी सांगू शकत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी शेकडा सुमारे ३० जणांच्या शरीरातून व्हायरस सहा महिन्यांच्या आत आपोआप नाहीसा होतो, प्रतिपिंडे मात्र मागे राहतात. म्हणून व्हायरसाचे रिबोन्यूक्लिइक अम्ल शोधणारी दुसरी चाचणी करणे अत्यावश्यक असते. ती नकारात्मक आली, तर सामान्यतः उपचारांची गरज नसते. पहिल्याच अहवालाने खचून जाणे आणि दुसरी चाचणी न करताच ‘मला काही त्रास नाही’ म्हणून अहवाल कपाटात ठेवणे, ही दोन्ही टोके टाळावयास हवीत. यांपैकी दुसरे अधिक घातक आहे.

उरलेल्या शेकडा सुमारे ७० जणांत संसर्ग चिरकारी होतो. यकृत कोशिकांचा सावकाश नाश होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊतक वाढत जाते. यांपैकी शेकडा १५ ते ३० जणांना वीस वर्षांच्या अवधीत यकृत् सूत्रण रोग जडतो. पुढे काहींत जलोदर, रक्ताच्या उलट्या, गुंगी ही लक्षणे उद्‌भवतात किंवा यकृताचा कर्करोग होतो. मद्यपान, स्थूलता व मधुमेह यांमुळे हा ऱ्हास वेगाने होतो. तत्पूर्वी असलेच तर थकवा हे एकच लक्षण असते व ते वयावर किंवा कामाच्या ताणावर ढकलले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा चिरकारी संसर्ग होता व त्या वर्षी सुमारे २ लक्ष ४२ हजार लोक त्यामुळे दगावले.

निदानानंतर : घरातील माणसांना वेगळे ताट, वेगळे अंथरूण किंवा वेगळी खोली यांची आवश्यकता नसते. एकत्र जेवणे, एकाच तांब्यातून पाणी पिणे, मुलाला जवळ घेणे, त्याचा पापा घेणे यांमुळे संसर्ग होत नाही. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत नसेल, तर माता अर्भकास अंगावर पाजू शकते. दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश व नखे कापण्याचे साधन मात्र स्वतंत्र असावे आणि जखमेवर पट्टी बांधावी. पतिपत्नींपैकी दुसऱ्याची, तसेच बाधित मातेच्या मुलांची एकदा तपासणी करून घेणे इष्ट असते. तान्ह्या मुलात मातेची प्रतिपिंडे उतरलेली असल्याने प्रतिपिंड चाचणी अठरा महिन्यांनंतरच विश्वसनीय ठरते. विवाह ठरलेल्या तरुण-तरुणींच्या बाबतीत रोग लपविण्यापेक्षा तो सांगून उपचार पूर्ण करणे अधिक शहाणपणाचे होय. उपचारास तीन महिने पुरतात.

महाराष्ट्रात कावीळ ‘उतरविण्याची’ प्रथा जुनी आहे. गळ्यात माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुतात, तेल-तूप व हळद वर्ज्य करतात. ए व ई प्रकारची कावीळ बहुधा आपोआपच बरी होत असल्याने या उपायांना यश मिळाल्यासारखे वाटते. सी प्रकारात उतरवावयास कावीळच नसते आणि चिरकारी झालेला व्हायरस आपोआप जाणे दुर्मिळ असते. घटक ज्ञात नसलेल्या जडीबुटींनी आधीच दुखावलेल्या यकृतास अपाय होण्याचा संभव असतो. आहारात पथ्य असे फारसे नाही. मद्य मात्र पूर्णपणे वर्ज्य करावे. ए व बी यकृतशोथांवरील लसी टोचून घेणे हितावह ठरते.

उपचारांचा विचार : उपचार घ्यावेत की थांबावे, हा प्रश्न एके काळी खरोखरच बिकट होता. १९९१ पासून इंटरफेरॉनाची अंतःक्षेपणे व १९९८ पासून त्यांच्या जोडीला रिबाव्हिरीन ही औषधे उपलब्ध झाली. उपचार सहा महिने ते वर्षभर चालत. ताप, अंगदुखी, केस गळणे, रक्तक्षय व तीव्र मानसिक विषण्णता हे आनुषंगिक परिणाम इतके त्रासदायक असत, की पुष्कळ रुग्ण मध्येच उपचार सोडून देत. पहिल्या जनुकप्रकाराच्या रुग्णांपैकी निम्म्यांहून कमीच बरे होत. त्या काळी जीवोतक परीक्षेत यकृत फारसे बिघडलेले न आढळल्यास ‘थांबा, नवी औषधे येत आहेत’ असा सल्ला जाणते डॉक्टरही देत आणि तो योग्यच होता. परंतु हा सल्ला त्याच्या कारणापेक्षा दीर्घायुषी ठरला आहे. तो ऐकून घरी बसलेले कित्येक रुग्ण अद्याप तसेच बसून असतील, ही या रोगाच्या बाबतीतील आजची खरी चिंतेची गोष्ट होय.

२०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली आणि परिस्थिती पालटली. हे औषध व्हायरसाच्या प्रती तयार करणाऱ्या एंझाइमाचे कार्य बंद पाडते. त्याच्या जोडीला डॅक्लॅटॅसव्हिर किंवा व्हेल्पॅटॅसव्हिर यांसारखे दुसरे औषध देतात. रोज तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या, बहुधा १२ आठवडे, एवढाच हा उपचार असतो. त्याने शेकडा ९५ च्या आसपास रुग्ण पूर्णपणे बरे होतात. डोकेदुखी, थकवा यांपलीकडे त्रास सहसा होत नाही. अमेरिकेत एका रुग्णाच्या उपचारास प्रारंभी ८४,००० डॉलर पडत. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने मिळाल्यावर येथील किंमत त्याच्या अगदी अल्पांशावर आली. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रमात निदान व औषधे विनामूल्य देण्याची सोय आहे. ईजिप्तनेही २०१८-१९ मध्ये सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी करून बाधितांवर मोफत उपचार केले.

अर्थात गोळ्या सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्या लागतात. यकृतात तंतुमय ऊतक किती वाढले आहे, हे आता बहुधा बिंबाणूंची संख्या व एंझाइमे यांवरून किंवा यकृताचा कठीणपणा मोजणाऱ्या श्राव्यातीत तरंगांच्या यंत्राने ठरवितात. सुई खुपसून यकृताचा तुकडा काढण्याची गरज क्वचितच पडते. सूत्रण रोग नसल्यास किंवा यकृताने तो सोसला असल्यास १२ आठवडे पुरतात. जलोदर झालेल्या रुग्णास रिबाव्हिरीन जोडावे लागते अथवा मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवावी लागते. बी व्हायरसाचीही तपासणी करतात, कारण सी नाहीसा होत असताना दबलेला बी उफाळून येऊ शकतो. क्षयावरील रिफॅम्पिसीन, अपस्मारावरील काही औषधे व हृदयाच्या अनियमित स्पंदनांवरील अमिओडॅरोन यांच्याशी या गोळ्यांचे जमत नाही. काही गोळ्यांबरोबर आम्लपित्ताची साधी औषधेही चालत नाहीत. म्हणून रुग्णाने आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. गरोदर स्त्रीचे उपचार सामान्यतः प्रसूतीनंतर करतात. रिबाव्हिरीन गर्भास घातक असल्याने ते चालू असताना व नंतर काही महिने गर्भधारणा टाळणे आवश्यक असते.

गोळ्या एकही दिवस न चुकविता घेणे हा उपचारातील रुग्णाचा मुख्य वाटा होय. बरे वाटते म्हणून त्या मध्येच सोडल्यास व्हायरस परत येतो व औषधांना दाद न देणारा बनू शकतो. उपचार संपल्यानंतर १२ आठवड्यांनी रक्तात व्हायरस न आढळल्यास रोग बरा झाला, असे मानतात.

बरे झालेल्यास पुन्हा संसर्ग होऊ शकतो, कारण मागे राहिलेली प्रतिपिंडे संरक्षण देत नाहीत. ज्यांना सूत्रण रोग झालेला होता, त्यांच्या बाबतीत कर्करोगाचा धोका कमी झाला, तरी पूर्णपणे टळत नाही. त्यांनी दर सहा महिन्यांनी श्राव्यातीत तरंगांद्वारे यकृताची तपासणी करून घेत राहावे. प्रतिपिंड चाचणी पुढेही अनेक वर्षे, बहुधा आयुष्यभर, सकारात्मकच येते. नोकरीच्या, विम्याच्या किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी तिचा चुकीचा अर्थ लावला जाऊ नये म्हणून व्हायरस नसल्याचा अखेरचा अहवाल जपून ठेवावा व तो प्रतिपिंडांच्या अहवालासोबत दाखवावा.