लावणीच्या दिवसांत गरोदर सुनेचं ताट

मैत्रिणींनो, आषाढात आपल्या भोर-वेल्ह्यात भाताच्या लावणीची घाई असते. सून गरोदर असली तरी दिवसभर खाचरात वाकायचं आणि रात्री सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खायचं. पुण्यात राहणाऱ्या लेकीला चिखल नाही, पण तीही उपाशी कामाला पळते, मग चहा-बिस्किटावर भागवते. दोघींची अडचण एकच, रक्त कमी! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या ५२ गरोदर बायकांचं रक्त कमी निघालं.

गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली गेलं तर जिवाला धोका. बाळंतपणात रक्त जातंच. आधीच कमी असेल तर ते सोसत नाही. त्यात पावसाळ्यात घाटातून दवाखाना गाठायला वेळ लागतो. म्हणून तयारी आधीच हवी.

- तीन महिन्यांच्या आत आशाताईंकडे नाव नोंदवा. निदान चार तपासण्या करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते.
- चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची गोळी, १८० दिवस. शी काळी होते, घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या.
- गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू, आवळा असावा.
- नाचणीची भाकरी, पालेभाजी, डाळ, मोड आलेली कडधान्यं, चालत असेल तर अंडी. "जास्त खाल्लं तर बाळंतपण अडतं," हे खरं नाही. उलट रोज एक वेळ जास्त खायचं.
- मिश्री बंद. तीही तंबाखूच. त्याने बाळ कमी वजनाचं होतं.
- हलकं काम, चालणं चांगलं. जड ओझं आणि तासन्‌तास वाकणं नको. दुपारी कुशीवर पडायचं.

अंगावरून रक्त जाणं, तोंडावर सूज, फार डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर थांबू नका. १०८ ला फोन करा.

आता गटाचं काम. मासिक बैठकीत विचारा, कोणाकडे गरोदर बाई आहे? तिच्या वाट्याची लावणी सावडीने उरकू. गाडीभाड्याला अंतर्गत कर्ज आधीच मंजूर करून ठेवू. आणि सासूबाईंनो, डोहाळजेवणाला एक दिवस ताट सजवतो, तसं रोज तिचं ताट आधी वाढा.