तिकिटाचे पैसे मिळाले, वाटखर्चाचं काय?

मँचेस्टर सिटीच्या खेळाडूंनी नॉर्वेतल्या बोडोला आलेल्या 374 पाठीराख्यांच्या तिकिटांचे पैसे स्वतःच्या खिशातून परत केले, ही बातमी एव्हाना सगळ्यांनी वाचली असेल. रक्कम 9,357 पौंड, म्हणजे माणशी पंचवीस. 20 जानेवारीला चॅम्पियन्स लीगमध्ये तिथल्या बोडो/ग्लिम्टने सिटीला 3-1 असं लोळवलं, सिटीच्या रॉड्रीला लाल कार्ड मिळून मैदान सोडावं लागलं, आणि दुसऱ्याच दिवशी संघातल्या ज्येष्ठ खेळाडूंनी जाहीर केलं की एवढ्या लांब, एवढ्या गारठ्यात आलेल्यांसाठी निदान इतकं तरी करायलाच हवं. मनापासून केलेली गोष्ट आहे आणि मला ती आवडली. वाईट याचं वाटतं की सगळी चर्चा त्या पंचवीस पौंडांपाशीच थांबली. परगावच्या सामन्याला जाणाऱ्याच्या खर्चात तिकीट हा सर्वांत लहान आकडा असतो.

बोडो आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला आहे. इंग्लंडहून जाणारे बहुतेक जण ओस्लोला विमान बदलतात. रेल्वेने जायचं तर एकट्या ट्रॉनहाइमपासून 729 किलोमीटर, सुमारे दहा तास. अस्पमिरा स्टेडियमची क्षमता आठ हजारांच्या थोडी वर, आणि युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे युएफाच्या, नियमाप्रमाणे पाहुण्यांचा वाटा पाच टक्के. तेव्हा 374 हा आकडा कमी वाटला तरी पाहुण्यांचा कोपरा जवळपास भरलेला होता.

उबदार सागरी प्रवाहामुळे बोडोचं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. तिथला पारा आपल्याला वाटतो तितका खाली जात नाही. खरा छळ वाऱ्याचा. त्यात इंग्लिश पाठीराखा पाहुण्यांच्या स्टँडमध्ये बसत नाही, सगळा सामना उभ्याने पाहतो. थंडी आधी पायांत शिरते. काँक्रीट बुटाच्या तळव्यातून ऊब शोषून घेतं. सुती मोजा चालून चालून घामाने ओला झालेला असतो, आणि पहिल्या अर्ध्या तासातच बोटं बधिर होतात. उत्तरेकडची माणसं आतून लोकरी कपडे घालतात आणि बसायला फोमचा तुकडा सोबत ठेवतात. तोच पायाखाली घेतला तरी केवढा फरक पडतो! आता यात नवी अडचण आली आहे. तिकीट फोनमध्ये असतं, आणि कडाक्याच्या थंडीत लिथियम बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात. पडद्यावर चाळीस टक्के दिसत असताना फोन अचानक बंद पडतो. शेकडो मैल आलेला माणूस दारात फोन काखेत धरून गरम करतो. कागदी तिकिटाचा पर्याय अशा सामन्यांना तरी ठेवायलाच हवा.

जानेवारीत ही माणसं तिथे पोचलीच कशी, हा खरा प्रश्न आहे. 2023-24 पर्यंत चॅम्पियन्स लीगचे गटसामने डिसेंबरात आटपायचे आणि जानेवारी मोकळा राहायचा. नव्या रचनेत सामने सहाचे आठ झाले आणि शेवटचे दोन जानेवारीत गेले. नॉर्वेची स्वतःची लीग वसंतापासून शरदापर्यंत चालते. ज्या महिन्यात त्या देशात कुणी लीगचा सामना ठेवत नाही, त्याच महिन्यात युएफा तिथे सामना ठेवते आणि पाहुण्यांना बोलावते. बोडोच्या सामन्याच्याच दिवशी कझाकस्तानातल्या अल्माटीच्या कैरात संघाचा ब्रुगविरुद्धचा ‘घरचा’ सामनाही घरी झाला नाही. थंडीमुळे तो अस्तानाच्या छत असलेल्या स्टेडियमवर न्यावा लागला. हजारभर किलोमीटर दूर. घरच्या सामन्यासाठी अल्माटीकरच प्रवासाला लागले!

इंग्लंडमध्ये बर्फावरचे उपाय शोधायला खूप आधी सुरुवात झाली. एव्हर्टनने 1958 मध्ये गुडिसन पार्कच्या गवताखाली विजेच्या तारा पुरल्या. बर्फ वितळला, पण ते पाणी मैदानाच्या निचऱ्याला झेपेना, आणि सगळं पुन्हा खणावं लागलं. आज प्रीमियर लीगमध्ये जमिनीखालून मैदान तापवण्याची सोय सक्तीची आहे. गवत हिरवंगार राहतं, गोठतात ते बाहेरचे रस्ते आणि स्टँडच्या पायऱ्या. 5 जानेवारी 2025 ला लिव्हरपूल-मँचेस्टर युनायटेड सामन्याच्या सकाळी सुरक्षेच्या बैठका बसल्या त्या रस्त्यांसाठीच. सामना झाला, 2-2 सुटला. पण तो होणार की नाही हे कळण्याआधीच दूरदूरचे पाठीराखे घराबाहेर पडलेले होते.

28 नोव्हेंबर 2021 ला बर्नलीत तेवढंही नशीब नव्हतं. आर्वेन वादळापाठोपाठ बर्फ इतका कोसळला की साफ केलेली जागा पुन्हा पांढरी होत होती, आणि टॉटनहॅमविरुद्धचा सामना सुरू व्हायला तासही उरला नसताना रद्द झाला. अमेरिकेतल्या डॅलसहून 31 तास प्रवास करून आलेलं एक जोडपं होतं. हॅरी केनने त्यांना पुढच्या एका घरच्या सामन्याचं आमंत्रण दिलं, म्हणून त्यांची बातमी झाली. लंडनहून आलेले बाकीचे गुपचूप परतले. तिकीट पुढच्या तारखेला चालतं. बसभाडं, रेल्वेभाडं, बुडालेला पगार, हे ज्याचं त्याने सोसायचं. सामना फेब्रुवारीतल्या एका बुधवारी रात्री झाला.

हे असंच चालायचं असं कुणी म्हटलं की मला 1963 आठवतं. त्या हिवाळ्याला इंग्लंडमध्ये ‘बिग फ्रीझ’ म्हणतात. एफए कपची तिसरी फेरी 5 जानेवारीला सुरू झाली. त्या दिवशी 32 पैकी तीनच सामने होऊ शकले. फेरी संपायला 66 दिवस लागले, आणि सामने पुढे ढकलण्याची वेळ 261 वेळा आली. एकटा लिंकन-कोव्हेंट्री सामना 15 वेळा लांबला. स्कॉटलंडमध्ये एअरड्री-स्ट्रॅनरार 33 वेळा! हॅलिफॅक्सने तर मैदानाची स्केटिंग रिंक करून पैसे उभे केले. एवढ्या तारखा बदलताना किती जणांनी रजा टाकल्या, किती जण अर्ध्या वाटेवरून परतले, याची कुणी नोंद ठेवली नाही.

नोंद ठेवली गेली ती कूपनांची. सामन्यांचे निकाल ओळखून पैसे लावायचा ‘पूल्स’ हा तेव्हा इंग्लंडमधला घरोघरचा खेळ होता, आणि सामनेच होत नसल्याने कूपनं वाया जाऊ लागली. सुरुवातीच्या काही शनिवारांचं नुकसान सोसल्यावर कंपन्यांनी तोडगा काढला. 26 जानेवारीला लंडनमध्ये लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखाली बंद दाराआड मंडळ बसलं: टेड ड्रेक, टॉम फिनी, टॉमी लॉटन, जॉर्ज यंग हे माजी खेळाडू आणि आर्थर एलिस हे रेफरी. न झालेल्या सामन्यांचे निकाल त्यांनी ठरवले आणि ते देशभर जाहीर झाले. पैज लावणाऱ्याची सोय जेमतेम महिन्याभरात झाली. गाडीभाडं खर्चून आलेल्याची सोय साठ वर्षं उलटून गेली तरी झालेली नाही. ज्याच्या मागे धंदा उभा असतो त्याचं गाऱ्हाणं लगेच ऐकलं जातं.

पाठीराखे संघटित झाले की मात्र काही ना काही मिळतं. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांच्या तिकिटाला 2016 पासून 30 पौंडांची मर्यादा आहे, ती त्यांच्याच चळवळीमुळे. युएफानेही पाहुण्यांच्या तिकिटांची कमाल किंमत ठरवून दिली आहे. जर्मनीत कितीतरी क्लबांच्या तिकिटात त्या शहराच्या बस-ट्रामचं भाडं धरलेलं असतं. म्हणजे प्रवास हा सामन्याचाच भाग आहे हे तिथे मान्य झालं आहे. इतरांनीही ते मानावं.

मागणी फार मोठी नाही. हवामानाचा अंदाज आता चार दिवस आधी हातात असतो. पाहुण्यांच्या बसगाड्या सुटण्याआधी सामना होणार की नाही हे सांगण्याची सक्ती यजमान क्लबवर असावी. त्या वेळेनंतर रद्द केला, तर भाड्याची भरपाई स्पर्धेच्या प्रक्षेपण-उत्पन्नातून व्हावी. जानेवारीतले सामने त्याच उत्पन्नासाठी वाढवले आहेत. युएफाच्या ज्या नियमावलीत तिकिटाची मर्यादा लिहिली आहे, तिच्यात ही दोन कलमं पुढच्या हंगामाचं वेळापत्रक निघण्याआधी घालता येतील.