लोणारचं पाणी गुलाबी कशामुळे झालं होतं? तोच रंग भिगवणच्या पक्ष्यांच्या पंखांतही आहे

मोरगावचा मयूरेश्वर करून बारामतीमार्गे भिगवणला गेलं, की हिवाळ्यात उजनीच्या उथळ पाण्यात रोहित म्हणजेच फ्लेमिंगोंचे थवे दिसतात. हे पक्षी जन्मतः गुलाबी नसतात. पिल्लं राखाडी असतात. रंग येतो तो खाण्यातून. शेवाळ आणि कोळंबीसारख्या बारीक जीवांमध्ये कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात. गाजराला रंग देणारी द्रव्यं याच कुळातली.

जून २०२० मध्ये याच कुळातल्या रंगद्रव्यानं एक अख्खं सरोवर रंगवलं होतं. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार.

लॉकडाऊन सुरू असताना लोणारच्या पाण्याचे फोटो मोबाइलवर फिरू लागले आणि चमत्कारापासून प्रदूषणापर्यंत सगळे तर्क लढवून झाले. वन विभागानं पाण्याचे नमुने तपासणीला पाठवले. सुरुवातीला संशय होता ड्युनालिएला या शेवाळावर. पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खरा रंगारी निघाला हॅलोआर्किया हा सूक्ष्मजीव.

या जिवाला मीठ लागतं, तेही भरपूर. कडक उन्हापासून बचाव करण्यासाठी तो गुलाबी-लाल रंगद्रव्य तयार करतो. एकट्याचा रंग डोळ्यांना दिसणार नाही, पण संख्या अफाट वाढली की पाणीच गुलाबी दिसू लागतं.

मग लोणारमध्ये एवढं मीठ आलं कुठून? उल्का आदळून बेसॉल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर तयार झालं. त्यात पाणी येतं, पण बाहेर पडायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार तिथेच राहतात. त्यामुळे पाणी खारट आहेच, शिवाय अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १०च्या वर जातो, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखं. गावाचं नाव लवणासुराच्या कथेशी जोडलं जातं आणि लवण म्हणजे मीठ. दंतकथेला रसायनशास्त्र आधीच ठाऊक होतं म्हणायचं!

त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षारांचं प्रमाण वाढलं आणि हॅलोआर्कियांचं फावलं. पुढे पावसानं पाणी पातळ झालं, हे जीव तळाशी बसले आणि रंग ओसरला. ऑस्ट्रेलियातलं हिलियर सरोवर जगभर ओळखलं जातं ते त्याच्या गुलाबी रंगासाठी. लोणारचं तसं नाही. त्यामुळे फोटो पाहून 'गुलाबी तलाव' बघायला निघालेल्यांना बहुतेक वेळा हिरवट पाणीच दिसतं. तरी जावं. छत्रपती संभाजीनगरहून साधारण दीडशे किलोमीटर. विवराच्या काठावर उभं राहून खाली पाहिलं, की रंगाचा विषय डोक्यातून जातोच. गावातलं दैत्यसूदन मंदिरही चुकवू नये.

नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण खरा प्रश्न पाण्याचा आहे. अलीकडच्या वर्षांत सरोवराची पातळी वाढून पाणी काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पोहोचलं. गोडं पाणी असंच वाढत गेलं, तर खारेपणा कमी होईल आणि फक्त मिठातच जगणाऱ्या जिवांची जागा साध्या पाण्यातले जीव घेतील. २०२० चा गुलाबी रंग हा आटलेल्या, खाऱ्या लोणारचा होता. आता तिथे जाणाऱ्यांनी आधी मंदिराच्या पायऱ्या किती बुडाल्यात ते पाहावं.